रामशास्त्री प्रभुणे : निवाडा माणसाचा, वेळ देवाची



पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला पुण्याचे स्वारगेट सांगायला नको. ज्यांना पायी वारी झेपत नाही अशी कितीतरी म्हातारी माणसे याच स्थानकावरून एस.टी.त बसतात आणि एकादशी गाठतात. आता तेथे जमिनीखालून मेट्रोसुद्धा धावते. या सगळ्या गलबल्यापासून चालत गेले तर थोड्याच वेळात पर्वतीची टेकडी लागते. पेशवाईत या टेकडीच्या पायथ्याशी रमणा होता. श्रावणमासी देशोदेशीचे विद्वान आणि भिक्षुक तेथे दक्षिणेसाठी जमत. कोणाची विद्या किती आणि कोणाला काय द्यावे, हे ठरविण्याचे काम ज्यांच्याकडे होते, ते रामशास्त्री प्रभुणे. या महात्म्याचे चरित्र या अंकी भाविकांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे.

योजण्याचे कारण सांगतो. कीर्तन आटोपून आम्ही बुक्का लावून घेतो आहोत, तोच एखादा श्रोता जवळ येतो आणि हळूच विचारतो, की बोवा, ज्याने भावाचे शेत बुडविले तो सुखात आहे, आणि ज्याचे बुडाले तो वारी करूनही हालात आहे. देव हे बघत नाही काय? प्रश्न खरा आहे. त्याला पोथीतले उत्तर देऊन वाटेला लावणे हा त्या माणसावर अन्याय होय. म्हणून एका माणसाचे आयुष्यच पुढे ठेवावे हे बरे.

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर क्षेत्र माहुली आहे. रामशास्त्री तेथले. वडील लहानपणीच गेले. घरी गरिबी. मुलाच्या वाट्याला अक्षरओळख आली नाही. तो साताऱ्याच्या अनगळ सावकारांकडे शागीर्द म्हणून राहिला. पाणी आणावे, हातापायांवर पाणी घालावे, सांगितले ते करावे. परंपरेने अशी गोष्ट सांगतात, की एके दिवशी सावकाराच्या पायांवर पाणी घालीत असता पोराची नजर जवळच्या मोत्यांवर गेली आणि धार भलतीकडे पडली. सावकार टाकून बोलले, की मोती बघायची हौस असेल तर तशी विद्या तरी मिळवावी. पोराच्या काळजाला ते लागले. वय विसाच्या घरात आलेले आणि धुळाक्षरेही ठाऊक नाहीत! तरी तो उठला आणि थेट काशीस गेला.

आमचे स्वतःचे शिक्षण जुन्या पाठशाळेत झाले. रूपावली आणि अमरकोश आठ-दहा वर्षांच्या वयात घोकताना काय यातना होतात, ते आम्हांस ठाऊक आहे. विसाव्या वर्षी पोराटोरांच्या पंगतीत बसून तेच घोकायचे म्हणजे काय, याची कल्पनाच करावी. बरोबरीचे धर्मशास्त्राची वचने लावीत आहेत आणि हा बाप्या वर्णमाला गिरवतो आहे! पण काशीत बाळंभट पायगुंडे यांच्यासारखा गुरू लाभला. बाळंभट म्हणजे धर्मशास्त्रातले केवढे नाव. त्यांच्या पायांशी बसून या उशिरा आलेल्या शिष्याने धर्मशास्त्र असे आत्मसात केले, की १७५१ साली तो पुण्यास पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून राहिला आणि १७५९ साली न्यायाधीश झाला.

उशीर झाला म्हणून विद्या रुसली नाही, हे लक्षात ठेवावे. देवाने पेरणी लांबवली, पण पीक बुडवले नाही.

न्यायाधीशाच्या हातून लाखांचे तंटे सुटतात. घरात पैसा यायला किती वाटा! पण शास्त्रीबोवांच्या घरी एका दिवसाच्या शिध्यापेक्षा अधिक साठा नसे, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या पत्नीची गोष्ट तर घरोघरी सांगतात. बाई वाड्यात गेल्या असता त्यांचा साधा वेष पाहून पेशव्यांच्या घरच्या मंडळींनी त्यांना दागिन्यांनी मढविले आणि पालखीतून परत पाठविले. शास्त्रीबोवांनी दारातूनच भोयांना सांगितले, की ही बाई आमच्या घरची नव्हे, घर चुकलात. बाई समजल्या. दागिने परत गेले आणि त्या आपल्या जुन्या लुगड्यात पायी घरी आल्या.

रमण्यातली गोष्टही तशीच. दक्षिणा वाटताना शास्त्रीबोवांचे बंधूच पुढे आले. जवळ नाना फडणीस होते. त्यांनी सुचविले, की बंधूंना थोडी अधिक द्यावी. शास्त्रीबोवांचे उत्तर असे, की विद्या इतरांएवढीच आहे, म्हणून दक्षिणा इतरांएवढीच मिळेल. भाऊ म्हणून जे द्यायचे ते मी माझ्या घरून देईन. सरकारच्या पैशातून नाते पोसायचे नाही, हा त्यांचा नेम.

थोरले माधवराव पेशवे तरुण आणि धर्मशील. एकदा ते जपध्यानात इतके गुंतले, की राज्यकारभार खोळंबू लागला. शास्त्रीबोवा कामासाठी आले तर धनी आसनावर डोळे मिटून बसलेले. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबोवांनी काशीस जाण्याची परवानगी मागितली. माधवरावांनी कारण विचारले. तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले, की राज्य पत्करले असेल तर रयतेचे रक्षण हीच संध्या. तपच करायचे असेल तर आपण दोघेही गादी सोडून गंगातीरी जाऊ. माधवरावांनी ते मानले आणि कारभारात लक्ष घातले. वारकरी बंधूंना हे नवीन नाही. आपल्या संतांनी मळ्यात, दुकानात, चाकावर, मोटेवर काम करता करताच देव गाठला.

आता जड भाग येतो.

माधवरावांचे काका रघुनाथराव, म्हणजे दादासाहेब. योगायोग असा, की त्यांचाही जन्म माहुलीचाच, १७३४ सालचा. एकाच संगमाचे पाणी प्यालेली ही दोन माणसे! दादासाहेब शूर, यात शंका नाही. १७५८ साली मराठ्यांची फौज त्यांच्या हाताखाली लाहोरापलीकडे अटकेच्या मुलखापर्यंत पोहोचली. पण पराक्रमाच्या पोटी हव्यास शिरला. १७६१ साली पानिपत झाले, थोरले बंधू नानासाहेब त्याच वर्षी पर्वतीवर वारले, आणि गादी आपल्याला न मिळता सोळा वर्षांच्या पुतण्याला मिळाली. हा काटा दादासाहेबांच्या मनात रुतून बसला. पुतण्याशी तंटे झाले, समेट झाले, पुन्हा लढाई झाली. १७६८ साली धोडपला ते हरले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत राहिले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवरावांचे देहावसान झाले आणि धाकटे नारायणराव पेशवे झाले. म्हणजे काकांची पाळी पुन्हा चुकली.

नारायणराव अवघे अठरा वर्षांचे होते. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस. भर दुपारी गारदी पगाराचे निमित्त करून वाड्यात घुसले. पोर जीव घेऊन पळाले ते काकांच्याच दालनात, आणि काकांच्या कमरेला मिठी मारून बसले. तेथे त्याला तोडले. त्याच्या अंगावर आडवा पडलेला चाकरही मेला.

या खुनाच्या हुकुमात धचा मा झाला, धरावे याचे मारावे झाले आणि ते आनंदीबाईंनी केले, अशी आख्यायिका सर्वांच्या तोंडी आहे. इतिहासकारांना तिचा पक्का पुरावा मिळालेला नाही. म्हणून आम्ही कीर्तनात एका बाईच्या माथी तो दोष ठेवीत नाही. ज्या रामशास्त्र्यांचे चरित्र गायचे, त्यांनी पुराव्यावाचून बोट दाखविले नाही. मग आपण तरी का दाखवावे?

शास्त्रीबोवांनी चौकशी आरंभिली. कोणी सांगितली नव्हती, दरबार गप्प होता. शहाणी मंडळी म्हणत होती, की झाले ते झाले, आता दादासाहेबच धनी. ऑक्टोबरात दादासाहेबांना पेशवाईची वस्त्रेही मिळाली. पण शास्त्रीबोवांनी साक्षी गोळा केल्या, कागद पाहिले, आणि मारेकऱ्यांच्या मागे दादासाहेबांचा हात आहे अशी खात्री झाली तेव्हा त्यांना समोरासमोर विचारले. दादासाहेबांचे म्हणणे, की मी धरण्यास सांगितले होते, मारण्यास नव्हे. मग त्यांनीच विचारले, की याला प्रायश्चित्त काय? शास्त्रीबोवांनी सांगितले, की याला देहान्त प्रायश्चित्तच आहे, दुसरे नाही. आणि तुमच्या अमलाखालच्या पुण्यात मी राहणार नाही.

सज्जनहो, येथे क्षणभर थांबावे. ज्याच्या हाती फौज, खजिना, किल्ले, त्याच्या तोंडावर हा निवाडा. आणि तो अमलात आणायला शास्त्रीबोवांजवळ काय होते? एक शिपाई नाही. त्यांनी बंड उभारले नाही, शापही दिला नाही. बिऱ्हाड उचलले आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. निवाडा हवेतच राहिला. त्या दिवशी पुण्यात कोणालाही वाटले असते, की दादासाहेब जिंकले आणि शास्त्री हरले.

देवाने मात्र आपला हिशेब मिटविला नव्हता. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी जूट केली. तिलाच बारभाई म्हणतात. त्यांनी बाईंना पुरंदरच्या किल्ल्यावर नेले. मार्च १७७४ मध्ये आपल्या पंढरपुराशेजारच्या कासेगावी दादासाहेबांनी बारभाईंच्या फौजेचा पराभव केला आणि त्र्यंबकराव पेठे यांना त्या लढाईत प्राण गमवावे लागले. पुन्हा वाटले, की अधर्माचीच सरशी. पण पुरते महिनाभरही गेले नाहीत, तोच १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर गंगाबाईंना पुत्र झाला. चाळीस दिवसांच्या त्या तान्ह्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली. तेच सवाई माधवराव. ज्या गादीसाठी अठरा वर्षांचे पोर मारले, ती पाळण्यातल्या मुलाने घेतली!

पुण्यात बारभाईंचा अंमल बसल्यावर शास्त्रीबोवांना सन्मानाने परत बोलावले. ते आले आणि १७८९ साली देह ठेवीपर्यंत न्यायासनावर राहिले. त्यांनी परतल्यावर फुशारकी मारल्याचे कोठे ऐकिवात नाही.

आणि दादासाहेब? पेशवा म्हणून त्यांना पुण्यात पुन्हा नांदता आले नाही. गुजरातेत धावले, सुरतेस इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मार्च १७७५ मध्ये त्यांनी इंग्रजांशी तह केला आणि मदतीच्या मोबदल्यात साष्टी आणि वसई देण्याचे कबूल केले. वसई कोणती, आठवते ना? त्यांचेच सख्खे चुलते चिमाजीअप्पा यांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून हजारो माणसे खर्ची घालून घेतली, ती. काकाने रक्ताने मिळविले, पुतण्याने कागदावर देऊन टाकले. सात वर्षे लढाया झाल्या. १७८२ साली सालबाईचा तह होऊन इंग्रजांनी दादासाहेबांचा पक्ष सोडला आणि साष्टी मात्र स्वतःकडे ठेवली. पेन्शनीवर दादासाहेब गोदातीरी कोपरगावास राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी तेथेच वारले. वय पन्नासही पुरे नव्हते. शास्त्रीबोवांनी सांगितलेले देहान्त प्रायश्चित्त कोणी दिले नाही. पण खुनानंतरची दहा वर्षे ज्या अंगाखाली निखारा असल्यासारखी गेली, त्यांना सुख म्हणता येईल काय?

एखादा म्हणेल, की चला, पाप केले त्याने भोगले, संपले. संपले असते तर बरे होते. पापाची वाईट खोड अशी, की करणारा जातो आणि ते मागे राहते.

सवाई माधवराव एकविसाव्या वर्षी, ऑक्टोबर १७९५ मध्ये, शनिवारवाड्यातून खाली पडून गेले. गादीला वारस उरला कोण? दादासाहेबांचा मुलगा बाजीराव. हा १७७५ साली धारला जन्मला, बाप परागंदा असताना, वाढला पहाऱ्यात. डिसेंबर १७९६ मध्ये तो पेशवा झाला. म्हणजे दादासाहेबांनी ज्यासाठी पुतण्याचा जीव घेतला, ते त्यांच्या घराण्यात शेवटी आलेच की हो! ते मरून तेरा वर्षे झाल्यावर, खून न करताही जसे आले असते तसे. हव्यास सोडून ते स्वस्थ राहिले असते तर? हा विचार मनात आला म्हणजे आमचा जीव कासावीस होतो. वेळेच्या आधी ओढलेले फळ कच्चे निघते आणि डहाळीही मोडते.

बाजीरावाचा संशयी, भेदरलेला स्वभाव त्या पहाऱ्यात घडला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला आणि स्वातंत्र्य गहाण टाकले. तह कोठे झाला? वसईत. बापाने जी वसई देऊ केली होती, तेथेच मुलाने उरलेले दिले. पुढे १८१५ साली आषाढीच्या यात्रेला तो पंढरपुरास गेला. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन बरोबर होते. २० जुलैच्या रात्री विठ्ठलाच्या देवळातून परतत असता गंगाधरशास्त्र्यांना वाटेत मारेकऱ्यांनी तोडले. संशय बाजीरावाचे प्रिय कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांच्यावर आला. खरा दोष कोणाचा यावर इतिहासकारांचा अजून वाद आहे, म्हणून आम्ही निकाल देत नाही. एवढे खरे, की पांडुरंगाच्या पायांवरून उठलेल्या अतिथीचे रक्त आपल्या पंढरीच्या वाटेवर सांडले आणि त्या निमित्ताने इंग्रजांनी बाजीरावाचा गळा आवळला. १८१७ साली खडकीची लढाई झाली, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले, आणि जून १८१८ मध्ये बाजीराव शरण गेला. गंगाकाठी ब्रह्मावर्तास इंग्रजांची पेन्शन खात १८५१ साली तो मेला. गणेशोत्सवातल्या त्या दुपारपासून मोजले तर पेशवाई बुडायला ४५ वर्षेही लागली नाहीत.

एका खुनानेच राज्य बुडाले असे आम्ही म्हणत नाही. सरदारांची भाऊबंदकी होती, कर्ज होते, इंग्रजांची कवायती फौज आणि शिस्त होती. पण घरात फूट पडली तरच बाहेरचा आत येतो, आणि ती फूट या खुनाने अशी रुंदावली, की पुढे बुजली नाही.

आता त्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे वळू. यातून देवाचा हिशेब सोपा आहे असे मात्र कोणी समजू नये. सवाई माधवरावाने कोणाचे काय वाईट केले होते? गंगाबाईने काय केले होते? नवरा मारला गेला तेव्हा ती पोरसवदा, आणि मूल तीन वर्षांचे असताना १७७७ साली तीही गेली. पापाचे चटके पाप न करणाऱ्यांनाही बसले. म्हणून शेजाऱ्याच्या घरी दुःख आले तर त्याच्या पूर्वजांचे पाप शोधीत बसू नये. तो धंदा वारकऱ्याचा नव्हे. या गोष्टीतून भ्यायचे ते स्वतःच्या हाताला. आज मी बांध कोरला, खोटी सही केली, बहिणीचा वाटा दाबला, तर त्याचा चटका माझ्या नातवाला बसेल, कदाचित कोण्या परक्याच्या निरपराध लेकरालाही बसेल, आणि तेव्हा तो विझवायला मी नसेन. दादासाहेबांना कोपरगावी पश्चात्ताप झाला असेल, नसेल. झाला असला तरी वसई परत आली नाही.

आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने काय करावे? गप्प बसावे असे रामशास्त्र्यांचे चरित्र सांगत नाही. त्यांनी चौकशी केली, साक्ष घेतली, नाव घेऊन दोष सांगितला आणि त्यापायी पदावर पाणी सोडले. माणसाच्या वाट्याचे काम त्यांनी तसूभर बाकी ठेवले नाही. म्हणून शेत बुडालेल्या बंधूने कचेरीत जावे, पंचांपुढे बोलावे, कागद काढावे. तेवढे केल्यावर जे उरते, ते कधी आणि कसे फळेल याचा ताबा देवाकडे द्यावा. सूडासाठी हात उचलला, की आपणही दादासाहेबांच्याच वाटेला लागलो. शास्त्रीबोवांना बाजीरावाचे पेशवेपद दिसले नाही, पंढरीतले रक्त दिसले नाही, १८१८ दिसले नाही. आपला निवाडा काळाने किती लांबवर नेला, हे त्यांना कळलेच नाही. तरी ते खेड्यात स्नानसंध्या करून स्वस्थ झोपत असतील, अशी आमची खात्री आहे. कारण त्यांच्याकडचे काम त्यांनी पुरे केले होते.

दिंडीत चालणाऱ्याला हे उमगायला कठीण नाही. पालखीच्या पुढे धावून कोणी दशमी आणू शकत नाही आणि मागे रेंगाळून कोणी ती लांबवू शकत नाही. मुक्काम ठरलेले, क्रम ठरलेला. आपण फक्त आपल्या जागी पाऊल टाकायचे, शेजारच्याला ढकलायचे नाही, आणि तोंडी नाम ठेवायचे. पंढरी तिच्या दिवशी येते.

रामकृष्ण हरी.